रविवारी दाखवायचं घर

असं समज, की तू नऊ वर्षांची आहेस. मुलगा असलास तरी थोडा वेळ मुलगी हो, काही बिघडत नाही. तुझ्या घराला दोन खोल्या आहेत, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं, मागे एक कडुनिंब. घर चांगलं आहे. फक्त आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी नऊ वाजता, टेकडीपलीकडे तोफा सुटतात. कुणाशी लढाई चाललेली नसते. सैनिक शिकत असतात, आणि तोफ उडवायला शिकायचं तर ती उडवावीच लागते. तो आवाज आधी तळपायांना कळतो, मग भिंतीला, आणि कानाला सगळ्यांत शेवटी. तावदानं थरथरतात. कौलांतली माती ताटात पडते. आता समज, की जन्मापासून तू हे ऐकत आली आहेस, आणि एक दिवस आई उजव्या बाजूनं हाक मारते नि तुला ती ऐकूच येत नाही.

आपल्या गोष्टीतल्या भागीचं असंच झालं. देवळाली कॅम्पाच्या पलीकडे एका लहानशा वस्तीवर तिचं घर होतं. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. तिचे वडील जयराम कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानात दिवा धरून बघितलं आणि म्हणाले, "हा कान फुटून फुटून गेला. दुसरा ठेवायचा असेल तर पोरीला त्या आवाजातून हलवा."

हलवायचं म्हणजे नाशिकरोडला दोन खोल्या घ्यायच्या. त्या घ्यायच्या म्हणजे हे घर विकायचं, आणि चांगल्या किमतीला विकायचं. पण हे घर घेणार कोण?

जयरामनं वाल्मीकला बोलावलं. वाल्मीक घरांची दलाली करायचा. सायकलवरून यायचा, टेरिलिनचा शर्ट घालायचा आणि बोलताना माणसाऐवजी भिंतींकडे बघायचा.

"इथला माणूस घेणार नाही," भिंतीवरच्या भेगेत नख घालत तो म्हणाला. "इथल्याला ठाऊक आहे. मी लांबचा आणतो. आणि घर रविवारीच दाखवायचं. रविवारी तोफांना सुट्टी."

"आणि या भेगा?" भागीच्या आईनं विचारलं. विमल तिचं नाव.

"वहिनी, भेगा दिसतात म्हणून असतात. लांबी भरली की नसतात."

लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा. रंगारी ती भेगेत दाबून भरतात आणि वाळली की वरून घासतात. जयराम आणि विमलनं चार दिवस तेच केलं. मग नीळ घालून चुन्याचे दोन हात दिले. तडकलेल्या तावदानांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, ती काढून नवी काच बसवली. घर इतकं छान दिसायला लागलं, की भागीला वाटलं, आता इथंच राहिलो तर काय हरकत आहे.

शुक्रवारी वाल्मीक पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती. त्यानं ती अलगद जमिनीवर ठेवली. आत चिमणीचं घरटं होतं आणि त्यात दोन पिल्लं. पंख अजून धड फुटलेले नव्हते.

"हे कशाला?" जयराम म्हणाला.

"घरात चिमण्या असल्या की गिऱ्हाईक काय म्हणतं? शांत घर आहे. तुमच्याकडे एक तरी चिमणी घर करते का? नाही ना? हे त्या फोटोच्या मागं ठेवा."

"यांची आई?" जयरामनं विचारलं.

"तिला मी पत्ता देऊन आलेलो नाही," वाल्मीक म्हणाला, आणि जयराम हसला. भागीही हसली, कारण वडील हसले होते.

पिल्लांना भरवायचं काम भागीकडे आलं. ती स्टुलावर चढायची, पीठ भिजवून काडीच्या टोकावर घ्यायची आणि त्यांच्या चोचीत घालायची. डावा कान घरट्याला लावला की तिला त्यांचं बारीक ओरडणं ऐकू यायचं. इतका बारीक आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. ती तासन्‌तास स्टुलावर उभी राहायची.

शनिवारी वाल्मीकनं तिला बघितलं. "ए भागे, आता काही घालू नको. पोट भरलं की गप्प होतात ती. उद्या ओरडली पाहिजेत."

भागीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तुला ऐकू यायला पाहिजे ना? मग काका सांगतात तसं कर."

भागीनं काडी खाली ठेवली.

मग सगळ्यांना बसवून वाल्मीकनं दुसरी गोष्ट शिकवली, आणि ती तू नीट ऐक, कारण मोठेपणी तुलाही असं शिकवणारा कुणीतरी भेटेल. तो म्हणाला, "तोफांचं विचारलं तर 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' म्हटलं की संशय येतो. म्हणायचं, हो, येतो ना कधीमधी, लांबून, कुणी गोधडी झटकावी तसा. थोडं कबूल केलं की माणूस बाकीचं विचारत नाही." त्यानं जयरामकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. शिवाय हळू बोलायचं असंही बजावलं. त्या घरात सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय होती, आणि का होती ते कुणालाही सहज कळलं असतं.

रविवारी पहिल्या एस.टी.नं गिऱ्हाईक आलं. ती एक बाई होती. लांबच्या देवळा गावची, फुलाबाई नावाची, पन्नाशीची. पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, हातात तांब्या. ती दारातच थांबली आणि मान वर करून ऐकू लागली. फोटोमागची पिल्लं रात्रीपासून उपाशी होती. ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

"चिमण्या हायेत," फुलाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"दरसाल असतात," विमल हळू आवाजात म्हणाली.

फुलाबाई पडवीत टेकली. चहा घेताना आपण होऊनच सांगू लागली. तिचा एकुलता मुलगा रावजी सैन्यात होता. एकाहत्तरच्या लढाईतून परत आला. "अंगावर ओरखडा नाय बघा. पण ताट पडलं तरी खाटेखाली जातो. सव्वीस वर्साचा गडी. आमच्या दारापुढं कांद्याचे ट्रक थांबत्यात. एकाचा टायर फुटला, तर दोन दिवस जेवला नाय. आता हितल्या दवाखान्यात दर पंधरवड्याला दाखवायचंय. डॉक्टर म्हनले, जवळ ऱ्हावा, पन शांत जागा बघा. म्हून वाट्याचं रान विकलं मी."

जयराम कपबशीकडे बघत होता. वाल्मीक भिंतीकडे.

"एक इचारते भाऊ. हितं तोफा हायेत म्हनत्यात. हितवर येतो का आवाज?"

"येतो की," जयराम म्हणाला. त्याला ते पाठ होतं. "कधीमधी. लांबून. कुणी गोधडी झटकावी तसा."

फुलाबाईनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ती वळली आणि भागीला जवळ ओढून तिच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. "तू सांग बाय. मोठी मानसं घर इकताना काय बी सांगत्यात. तू सांग, किती आवाज येतो?"

आईचे डोळे भागीवर होते. डॉक्टरांचा दिवा भागीला आठवला. नाशिकरोडच्या खोल्या आठवल्या. तिथं आगगाडीची शिट्टी ऐकू येते, असं वडिलांनी सांगितलं होतं.

"गोधडी झटकल्यासारखा," ती म्हणाली.

आणि मग ती आणखी एक वाक्य बोलली. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिनंच केलं. "मी तर झोपलेली असते. जागसुद्धा येत नाही."

फुलाबाईनं पदराच्या गाठीतून चार बत्तासे काढून तिच्या हातावर ठेवले आणि इसार द्यायला वाल्मीककडे वळली. इसार म्हणजे सौदा पक्का झाला म्हणून आधी दिलेले पैसे. जाताना तिनं वस्तीतल्या आडावर दोन बायकांना विचारलं, "मानसं कशी हायेत ही?" बायका म्हणाल्या, "चांगली आहेत." तोफांचं त्या बोलल्या नाहीत. त्यांनाही आपापली घरं कधीतरी विकायची होती.

संध्याकाळी भागी पीठ भिजवून स्टुलावर चढली. एक पिल्लू मेलेलं होतं. दुसऱ्यानं चोच उघडली नाही. सोमवारी सकाळी विमलनं केरसुणीनं घरटं खाली ओढलं आणि केराबरोबर बाहेर टाकलं. नऊ वाजता पहिली तोफ सुटली आणि नव्या चुन्यावर केसाएवढी रेघ उठली. जयरामनं तिच्यावर कॅलेंडर लावलं.

खरेदीखत महिन्याभरात झालं. सरकारी कचेरीत फुलाबाईनं अंगठा दिला. घराचा ताबा कधी द्यायचा ते मात्र जयरामनं ठरवलं. उद्या परवा कधी गोळाबार आहे, हे कोतवाल वस्तीवर येऊन सांगून जायचा, म्हणजे गुरं घेऊन कुणी टेकडीकडे जाऊ नये. कोतवालानं गुरुवार आणि शनिवार सांगितला. जयरामनं फुलाबाईला बुधवारी बोलावलं.

बुधवारी ट्रक दारात लागला. खाटा, पिंप, पेट्या चढल्या. तेवढ्यात कॅम्पातून टांगा आला. आधी फुलाबाई उतरली आणि तिच्यामागून रावजी. उंच, हडकलेला, दाढी नीट केलेली. उतरताना त्यानं टांग्याची दांडी घट्ट धरली होती. घोडा फुरफुरला तशी त्याची मान खांद्यात गेली. "बठ भाऊ, बठ," फुलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली आणि त्याला पडवीत बसवलं.

तो बसला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. कडुनिंबातून वारा जात होता, दुसरं काही नव्हतं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. त्यानं भिंतीला डोकं टेकलं.

"लय शांत हाय, माय," तो म्हणाला.

फुलाबाईनं तोंडावर पदर घेतला. ती रडत होती, आणि रडता रडता जयरामला म्हणाली, "भाऊ, तुमचं लय उपकार झालं."

"अहो, त्यात काय," जयराम म्हणाला आणि ट्रकच्या दोऱ्या आवळायला गेला.

भागी पडवीच्या पायरीशी उभी होती. रावजी तिला काहीतरी विचारत होता, पण तो तिच्या उजव्या बाजूला होता. त्याचे ओठ हलताना तिला उशिरा दिसले. त्याच्या ते लक्षात आलं. तो उठला, वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येऊन उकिडवा बसला आणि हळू म्हणाला, "ह्या कानाला काय झालं गं तुझ्या?"

सैन्यातल्या माणसाला असे कान ओळखू येतात.

"जन्मापासनंच आहे तिचं," ट्रकच्या पुढच्या सीटवरून विमल मोठ्यानं म्हणाली. "भागे, चल, उशीर होतोय."

रावजीनं विमलकडे बघितलं नाही. तो भागीकडेच बघत राहिला. रागानं नव्हे. आपण विचारलं आहे आणि समोरचा सांगणार आहे, असा भरवसा ठेवून.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. रावजी दचकला, दोन्ही हातांनी त्यानं पायरी धरली, पण नजर काढली नाही.

"उद्या नऊ वाजता सुरू होईल," भागी म्हणाली. त्यांच्या घरात बोलत तितक्या मोठ्यानं म्हणाली, इंजिनाच्या वर. "एक वाजता थांबेल. परवा नाही. शनिवारी परत."

फुलाबाई आत चूल मांडत होती. ती हातात वीट घेऊन दारात आली. "काय सुरू होईल?"

रावजीला उत्तराची गरज नव्हती. त्याचं तोंड चुन्यासारखं झालं होतं. त्यानं एकदा टेकडीकडे बघितलं, एकदा नव्या काचांकडे.

जयराम ट्रकमागून पुढे आला. "बाई, कागद झालेला आहे," तो म्हणाला. "सही-अंगठा सगळं झालेलं आहे. आता माझ्याकडे काही नाही."

विमल खाली उतरली. तिनं भागीचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत, आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुणासाठी केलं हे सगळं? कुणासाठी, सांग."

भागी पायरीवर खाली बसली. आईनं ओढलं, वडिलांनी दुसरा दंड धरला, तरी ती उठली नाही. पुढच्या आठवड्यात कोतवाल कोणत्या दिवशी येईल, गोळाबाराच्या दिवशी टेकडीवर तांबडं निशाण कुठं लागतं, पहिल्या तोफेनंतर दुसरीला किती वेळ लागतो, तेवढ्या वेळात आडावर जाऊन येता येतं का, हे ती रावजीला एकामागून एक सांगत राहिली.