मोठ्या साळिंदराचा आवाज

कार्टूनं बोलतात म्हणून माझं घर चालतं, हे मी नाकारत नाही. परदेशात कुणीतरी पेंग्विन काढतं, टूथब्रश काढतं, एकदा तर रडकं टेबल काढलेलं, आणि इथे नौपाड्यात दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी त्यांना मराठी बोलायला लावते. या धंद्यात मूर्ख खूप पाहिले. पण विनीतच्या जवळपास जाईल असा एकही नाही.

विनीत म्हणजे पिक्चर विकत घेतलेल्या कंपनीचा माणूस. पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून आला, माझं नाव विचारलं आणि म्हणाला, जोविटा मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो. आमच्या कितीतरी पिढ्या याच ठाण्यात भात लावत मेल्या, रविवारची मिस्सा मराठीत ऐकत आल्या, आणि हा कालचा पोरगा मला सर्टिफिकेट देतोय. मी म्हटलं, तुमचंही वाईट नाही, थोडं शिकलात तर बोलता येईल. तो खूश होऊन हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

पिक्चर होता दोन साळिंदर भावांचा. मोठा धाकट्याला वैतागलेला असतो, जवळ घेत नाही, कारण जवळ घेतलं की काटे टोचतात. मग जंगलात आग लागते, धाकटा हरवतो, मोठ्याला पश्चात्ताप होतो, आणि काटे मिटून मिठी कशी मारायची हे तो शिकतो. एवढ्यासाठी दीड तास. शेवटी एक गाणं आहे, त्यात मोठा साळिंदर मोठा होतो, म्हणजे गाणं सुरू असतानाच त्याचे काटे सोनेरी होतात. विनीत दर वेळी हे सांगताना छातीवर हात ठेवायचा. एम्पथी, मॅडम, हा पिक्चर एम्पथीबद्दल आहे. हा शब्द तो दिवसातून इतक्यांदा बोलायचा की आमचा रेकॉर्डिस्ट त्र्यंबक चहाला निघाला की म्हणायचा, एम्पथी घेऊन येतो.

आता आमच्या धंद्यात लहान मुलांचे आवाज बायका काढतात. मानपाड्याची प्रियांका चाळिशी ओलांडलेली आहे, दोन पोरांची आई, आणि तिने "आई, भूक लागली" म्हटलं की खालच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट वर बघते. मी तिचं नाव दिलं. विनीतने नाक मुरडलं. नो फेक, मॅडम. रियल भाऊ हवेत, सख्खे. पोस्टरवर टाकायला बरं.

मग सख्खे भाऊ शोधले. कल्याणजवळच्या मोहने गावातले दोघे सापडले, बालनाट्य स्पर्धेत बक्षीस मिळवलेले: थोरला राजरत्न तेरा वर्षांचा आणि धाकटा सम्यक आठाचा. त्यांची आई दीप्ती कल्याणला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. पोरांना पुढे ढकलणाऱ्या आया मी ढिगाने पाहिल्यात, त्यामुळे मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसलेले. पण ही बाई बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पोरं मात्र सोनं होती. राजरत्न वाक्य बोलण्याआधी साळिंदर श्वास कधी घेतो ते पाहून ठेवायचा आणि त्याच श्वासावर सुरू व्हायचा. ही गोष्ट मला काही नामवंत नटांना शिकवता आलेली नाही. घरी जातानाही तो त्या साळिंदराबद्दलच विचारत असायचा: तो असा का वागतो, त्याला भावाचा राग का येतो. मोहन्यात त्याने गल्लीभर सांगून ठेवलेलं की थेटरात पहिल्या रांगेत बसायचं, माझा आवाज ऐकायचा. सम्यक म्हणजे नुसता नकल्या. खालचं दातांचं मशीन, त्र्यंबकचा खोकला, माझं "परत घेऊ", सगळं हुबेहूब. भावाचा आवाज तर असा काढायचा की एकदा दीप्तीने बाहेरून राजरत्नला हाक मारली आणि ओ याने दिली.

मी विनीतला पहिल्याच आठवड्यात बजावलेलं, मोठ्याचं काम आधी उरका. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज म्हणजे गॅसवरचं दूध, नजर हलली की उतू गेलंच. विनीत ऐकेल तर विनीत कसला. त्याने दोघांना येऊरला नेलं, बॉन्डिंग वर्कशॉपला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि दुसऱ्याने झेलायचं. जी पोरं जन्मापासून एका गादीवर झोपतात, एका चादरीवरून भांडतात, त्यांना हा डोंबलाचा विश्वास शिकवत होता. मग रील काढली, मग रीलची रील काढली, मग मुंबईहून कुणाची तरी मंजुरी यायची होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पिक्चरचा शेवट रेकॉर्ड व्हायचा राहिलेला आणि दूध उतू गेलेलं.

आगीनंतर मोठा धाकट्याला शोधून काढतो तो सीन होता. राजरत्नने तोंड उघडलं आणि वाक्याच्या मध्यावर आवाज दुभंगला, अर्धा वर, अर्धा खाली, जुन्या दरवाजासारखा करकरला. तो दचकला. घसा खाकरून परत बोलला. आणखी वाईट. विनीत काचेमागे बसून खो खो हसला आणि मोबाइल काढून म्हणाला, परत कर, परत कर, हे ब्लूपरमध्ये टाकू. त्र्यंबकने बूथमधला स्पीकर पटकन बंद केला. पण काच काही बंद होत नाही. पोराला ते हसणं दिसलं. तो पाणी प्यायला, स्क्रिप्टचं पान नीट लावलं आणि पुन्हा प्रयत्न करायला उभा राहिला. मी सेशन थांबवलं.

मी विनीतला सांगितलं, मोठ्याचं जे झालंय ते सुरेख झालंय, त्याला हात लावू नका. एवढा शेवट प्रियांका मोठ्याच्या आवाजाला जुळवून काढेल, कुणाला कळणारही नाही. विनीतने डोळे मिटले. मोठी कल्पना येताना तो डोळे मिटतो. म्हणाला, धाकटा आहे ना. तोच मोठ्याचा आवाज काढतो. त्यालाच दोन्ही रोल देऊ. आणि फक्त शेवट नाही, मॅडम, सगळाच पिक्चर. आठ वर्षांचा एकच मुलगा, दोन्ही भाऊ. रियल ब्रदर्सपेक्षा मोठी स्टोरी. मोठ्याचं रेकॉर्डिंग पुसून टाका, नावही काढा, उगाच कन्फ्यूजन नको.

मी विचारलं, आणि मोठ्याला काय सांगायचं. तर म्हणे, तो मोठा आहे ना, समजून घेईल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पडद्यावरचा साळिंदर मोठा झाला की त्याचे काटे सोनेरी होतात, गाणं वाजतं, थिएटरात आया रडतात. खरा मुलगा मोठा झाला तर त्याचं नाव खोडायचं. आणि हे करणारा माणूस गळ्यात "बी काइंड" लिहिलेलं ओळखपत्र अडकवून फिरत होता, मी खोटं सांगत नाही.

दीप्तीला बोलवून विनीतने गोड शब्दांत सांगितलं. ती एवढंच म्हणाली की मोठ्याला मी घरी ठेवते. पण पुढच्या खेपेला राजरत्न आलाच. तो बाहेर आईशेजारी बसला, शाळेची बॅग पायांत धरून, आणि ओठांवर मिसरूड फुटल्यासारखी ती नवी लव होती, तिच्यावरून सारखं बोट फिरवत होता.

सम्यक बूथमध्ये स्टुलावर चढला. शेवटचा सीन आधी घ्यायचा होता, विनीतला तो ऐकायचा होता. मी सांगितलं, आता मोठ्या भावाच्या आवाजात बोल. सम्यकने हेडफोन नीट केला आणि बोलला. आवाज मध्यावर दुभंगला, अर्धा वर, अर्धा खाली.

विनीतला वाटलं पोरगं मस्करी करतंय. परत घेतलं. परत तेच. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही, अगदी मन लावून काम करत होता.

मी बूथमध्ये गेले आणि विचारलं, हे काय आहे.

"दादाचा आवाज."

मी म्हटलं, हा नको, आधीचा काढ.

"दादाचा असाच हे," तो म्हणाला. "आधीचा आता कोणाचाच नाय."

मी बूथमधून बाहेर आले. विनीत मात्र उठून आत गेला. आधी चॉकलेट, मग गेमचं आमिष, मग भावाभावांतल्या प्रेमावर भाषण. पिक्चरमधला धाकटा साळिंदर बघ कसा दादाचं ऐकतो. सम्यक शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तोच फाटका आवाज लावायचा. आईने काचेपाशी येऊन डोळे मोठे केले. ढिम्म. शेवटी विनीतची एम्पथी संपली आणि तो दारातून ओरडला की असंच असेल तर दोघंही घरी जा, प्रियांकाला बोलवतो, आजच्या आज.

तेव्हा राजरत्न बाकावरून उठला. कुणाला न विचारता बूथचं जाड दार ढकलून आत गेला. माइक चालू होता, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"कर ना रे," तो त्या करकरत्या आवाजात म्हणाला. "नाय केलंस तर तुला पण काढतील."

"काढू दे."

"येडा हेस का? एक तरी राहू दे ना."

सम्यक रडवेला झाला. राजरत्नने त्याच्या डोक्यावरचा हेडफोन सरळ केला आणि मग तिथेच, कोपऱ्यात उभं राहून, त्याला श्वास कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवत राहिला. सम्यक बोलला. एका टेकमध्ये. राजरत्नचा मे महिन्यातला आवाज, स्वच्छ, कोवळा, जसाच्या तसा. काचेच्या या बाजूला विनीत पडद्याकडे बघत डोळे पुसत होता. साळिंदरांनी मिठी मारलेली ना. काचेमागे स्वतःचा गेलेला आवाज ऐकत एक मुलगा भिंतीला टेकून उभा होता, तिकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

विनीत दुसऱ्या दिवशी गोव्याला गेला, कसल्याशा परिषदेला. जाताना बजावून गेला की उरलेला सगळा पिक्चर सम्यककडून परत घ्या. तो गेल्यावर त्र्यंबकने विचारलं, कधीपासून सुरू करायचं. मी म्हटलं, काही सुरू करायचं नाही. शेवट सम्यकचा, बाकी राजरत्न आहे तसा ठेव आणि जोडून टाक. त्र्यंबक म्हणाला, त्यांना कळलं तर. मी म्हटलं, ज्याला माणूस कळत नाही त्याला आवाज काय कळणार. दीप्तीला फोन करून सांगितलं, उरलेलं आम्ही निभावून नेऊ, पोरांना शाळेत पाठवा. तिने का म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरांना खोटं बोलायला लावल्यासारखं झालं असतं. नाव मात्र मला वाचवता आलं नाही. पडद्यावर नावं येतात त्या पाट्या मुंबईत बनतात.

विनीतने परत येऊन पूर्ण पिक्चर ऐकला. मान डोलावत ऐकला. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्याकडे वळून म्हणाला, बघा मॅडम, म्हटलेलं ना मी? आधीच्या मुलापेक्षा किती फ्रेश आहे. त्र्यंबकला खोकल्याची उबळ आली आणि त्याला बाहेर जावं लागलं. मी म्हटलं, तुमचा कान म्हणजे कान आहे. तो पुन्हा खूश.

पहिला खेळ कल्याणच्या एका मॉलमध्ये लावला. मोहन्याची अख्खी गल्ली आलेली. राजरत्न घरीच बसणार होता, सम्यकने दादा नाही तर मी नाही म्हणून रस्त्यावर बसकण मारली, म्हणून आला. मी त्यांच्या मागच्या रांगेत. विनीतने पडद्यासमोर उभं राहून भाषण ठोकलं, सम्यकला स्टेजवर बोलवून उचलून घेतलं आणि सांगितलं की या एवढ्याशा मुलाने दोन्ही भाऊ एकट्याने उभे केलेत. टाळ्या पडल्या. गल्लीतली पोरं वळून वळून राजरत्नकडे बघायला लागली. तो खुर्चीत इतका खाली सरकला की फक्त केस दिसत होते. सम्यक येऊन शेजारी बसला, त्याचा हात धरायला गेला, तर त्याने हात काढून घेतला.

दिवे गेले. जंगल आलं, पानं हलली, मोठा साळिंदर बिळातून बाहेर आला, त्याने श्वास घेतला आणि त्याच श्वासावर पहिलं वाक्य बोललं.

राजरत्न खुर्चीत हळूहळू वर आला.

सम्यक सीटवर उभाच राहिला. अंधारात त्याचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हा मी नाय. हा दादा हे."

लोक हसले. त्यांना वाटलं लहान पोर घाबरलं. पहिल्या रांगेतून विनीत वळला, ओठांवर बोट ठेवून शू शू केलं आणि पुन्हा साळिंदरांकडे बघून हळवा झाला. सम्यकने भावाच्या शर्टाची बाही ओढली आणि परत सांगायला लागला, दादा, मी नाय बोललो हे, आईशप्पथ, हा तूच हेस.

राजरत्नने पडद्यावरची नजर न काढता त्याला खाली बसवलं.

"गप ना जरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ऐकू दे मला."