कपाटात कोंबलेली उशी

मी उशीतला किडा बोलतोय. उशी उलटीपालटी करू नका, मी दिसणार नाही. साध्या डोळ्यांना दिसलो असतो तर इतकी मजा मारली असती का?

माझा जन्म एका शाळकरी मुलीच्या जुन्या उशीत झाला. तुमच्या कातडीचा झडलेला कोंडा खायचा, लेंड्या टाकायच्या, लोळायचं, एवढाच आमचा उद्योग. पण त्या लेंड्या नाकात गेल्या की पोरीला धाप लागायची. छातीतून शीळ वाजायची. दम्याचा पंप ओढला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

दम्यावर संशोधन करणाऱ्या एक बाई घरोघरची धूळ गोळा करत होत्या. कुणाला कशाची ॲलर्जी, ते त्यांना शोधायचं होतं. त्यांनी मुलीच्या आईला फोन केला, "उद्या येते. घर आहे तसंच ठेवा. झाडूसुद्धा मारू नका."

"आहे तसं? बाहेरचं माणूस येणार आणि घर आहे तसं?" म्हणत आईनं कंबर कसली. जाळी काढली, पडदे धुतले, फरशी अशी पुसली की पाय घसरावा. आणि मळकट उशी? ती आमच्यासकट कपाटात! मी तर हसून लोळलो.

बाईंनी यंत्र फिरवलं. पिशवी रिकामी.

"अहो, धूळ कुठंय?"

"आमच्याकडे? शोधून दाखवा!" आई ऐटीत म्हणाली.

"बरं, ही झोपते कशावर?"

"ह्याच उशीवर." कोरी करकरीत उशी पुढे आली. सुटलो बुवा, मी म्हटलं.

तेवढ्यात पोर खोकायला लागली. कालच्या झाडझुडीनं तिची छाती भरली होती. बोलता येईना, ओठ पांढरे पडले. बाईंनी तिला पंप दिला, पाठ धरून बसवलं. हळूहळू श्वास ताळ्यावर आला.  आईनं कपाट उघडलं. उशी, जुनी पांघरुणं, फाटका टॉवेल, सगळं धबाधबा बाईंच्या पायांवर पडलं.

"खोटं बोलले हो मी," आई रडत म्हणाली. "न्या ही उशी. गावभर दाखवा, पण माझ्या लेकीला श्वास घेऊ द्या."

आता मी प्रयोगशाळेतल्या बाटलीत बसलोय. दोषी आम्हीच निघालो. बाई परवा कुणाला तरी सांगत होत्या, पोरीला नेमकं औषध मिळालं आणि ती रात्रभर शांत झोपते. तिची आई शेजारणींची दारं वाजवून विचारते म्हणे, "तुमची उशी किती जुनी? लाजू नका, दाखवा!"

त्या आईपासून माझ्या नातेवाइकांना तेवढं वाचवा. ती उकळतं पाणी घेऊनच फिरते.