चाकांवरचा फ्रिज

गंगाराम कुबल जहाजावरची नोकरी संपवून कायमचा मालवणला परतला, तेव्हा हा आता रिसॉर्ट काढणार असं वाडीतल्या सगळ्यांनी धरलं होतं. त्याने आणला कॅम्पर. जीपच्या मागे जोडून ओढायचं एवढंसं घर. आत दोघांपुरती झोपायची जागा, गॅसची शेगडी, छपरावर सोलर आणि ओट्याखाली एक बुटका फ्रिज. अर्धं आयुष्य त्याने परक्या देशांची बंदरं पाहिली होती. रुक्मिणी मात्र कुडाळ-कणकवलीच्या पलीकडे क्वचितच गेली होती. म्हणून आता दोघांनी मिळून आपला किनारा बघायचा, असं त्याने ठरवून टाकलं. तिला न विचारता.

रुक्मिणीकडे नाही म्हणायला एकच कारण होतं, पण भक्कम होतं. तिला मधुमेह होता आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागायचं.

"फ्रिज आसा मां गो गाडीत!" गंगाराम म्हणाला, आणि ते कारण तिथेच संपलं.

दिवाळी उलटल्यावर ते निघाले. आचऱ्यावरून पुढे येऊन कुणकेश्वरच्या अलीकडे एका ओळखीच्या बागायतदाराच्या आंब्याच्या कलमांत त्यांनी गाडी लावली. गंगारामने बंदरावरून चांगली ताजी सुरमई आणली आणि ती खराब होऊ नये म्हणून फ्रिजचं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. रात्रीची उरलेली आमटी रुक्मिणीने वाफाळतीच, टोपावर झाकण न घालता आत सारली. टोप बसेना, म्हणून इन्सुलिनचा डबा तिने मागे ढकलला, अगदी मागच्या गार पत्र्याला टेकेपर्यंत.

सकाळी दार उघडायला जोर लावावा लागला. उघडलं, तर आत पांढरं जंगल. मागच्या पत्र्यावर बर्फाचा जाड थर चढला होता आणि डबा त्यातच रुतून बसला होता. तिने तो कसाबसा सोडवला. आतल्या इंजेक्शनच्या नव्या पेनांमधलं औषध गोठून दगड झालं होतं. पर्समधलं चालू पेन तेवढं शाबूत होतं, पण तेही संपत आलेलं.

"गोठला," ती म्हणाली.

"उन्हात ठेवूया. वितळात." गंगाराम म्हणाला, आणि सुरी घेऊन बर्फ फोडायला बसला. पहिल्याच घावाला पत्र्यावर चरा उमटला.

"ठेवा ती सुरी!" रुक्मिणी ओरडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी कधी ओरडली नव्हती. ओरडायला तो घरी असायचा कधी? "माका घराक जावचा आसा. मी सांगी होतंय, ह्या आमका जमाचा नाय."

जीप सोडवून ते देवगडला औषधाच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या शर्मिलाने पेनं उजेडात धरून पाहिली.

"काकी, ही आता वापरायची नाहीत. वितळल्यावर चांगली दिसतील, पण त्यांचा भरवसा नाही." तिने नवीन पेनं थंड पिशवीत घालून दिली. "गोठणं आणि तापणं, दोन्ही वाईट. दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायचं. आणि फ्रिजच्या मागच्या पत्र्याला कधी टेकवायचं नाही."

"नीट गुंडाळून द्या. आमी घराक जातंव," गंगाराम म्हणाला.

हे तो इतक्या हळू म्हणाला, की रुक्मिणीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. वादळाच्या गोष्टी हसत सांगणारा हा माणूस काउंटरवर बोटं टेकून उभा होता, आणि एकदम म्हातारा दिसत होता. तिने शर्मिलाकडून फ्रिजमध्ये ठेवायचा एक छोटा थर्मामीटरही मागून घेतला. गंगारामने का म्हणून विचारलं नाही.

जीपमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "आयुष्यभर मी जात रवलंय आणि तू घर सांभाळीत रवलस. माका वाटला, आता तुका जरा बरा वाटात."

रुक्मिणीने थंड पिशवी मांडीवर नीट धरली.

"औषधाचा मी नुसता निमित्त केलंय," ती म्हणाली. "घर सोडून रवाची माका भीती वाटता. तुमका सांगूक लाज वाटली."

गंगारामने गाडी कडेला घेतली. तिचा हात हातात घेतला.

"आदी तो बर्फ काढूया," तीच म्हणाली. "मगे काय ता बगू."

परत आल्यावर त्यांनी फ्रिज बंद केला. मासळी येताना बंदरावरून आणलेल्या बर्फाच्या पेटीत गेली, इन्सुलिन थंड पिशवीतच राहिलं. रुक्मिणीने टोपभर पाणी उकळलं, फडक्याची घडी घालून टोप फ्रिजमध्ये ठेवला आणि दार अर्धवट लोटलं. थोड्या वेळाने बर्फ सुटू लागला. मोठाले तुकडे धपाधप पडले, तशी गंगारामने टाळी वाजवली. पाणी टिपता टिपता त्याला दाराच्या रबरात अडकलेलं माशाचं खवलं सापडलं. त्या फटीतून समुद्राची दमट हवा सारखी आत जात होती.

"ह्या माझा पाप," तो म्हणाला.

"आणि ती उघडी आमटी माझा," रुक्मिणी हसली.

रबर साबणाने धुऊन कोरडं केलं. फ्रिज पुन्हा चालू करून बटन मधोमध आणलं. गार झालेल्या आमटीवर झाकण घातलं, भांड्यांमध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडली. इन्सुलिन रुमालात गुंडाळून डब्यात, आणि डबा पुढच्या कप्प्यात थर्मामीटरच्या शेजारी, असं ठरलं. पण काटा आठाच्या खाली येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, अशी तिने सक्त ताकीद दिली.

आता वाट बघणं आलं. गंगारामला ते जमेना. तो पुन्हा पुन्हा दाराला हात घालायचा.

"अहो, सारख्या उघडशात तर परत दव धरतला!" तिने त्याला बाहेर कलमाखाली नेऊन बसवलं. तिथे तो आफ्रिकेतल्या एका बंदराची गोष्ट सांगू लागला आणि ती पहिल्यांदाच मध्ये मध्ये प्रश्न विचारू लागली. तिथल्या बायका मासे कशा विकतात? त्यांची घरं कशी असतात?

उन्हं कलली तेव्हा तिने दार उघडलं. काटा पाचावर होता. मागच्या पत्र्यावर पाण्याचे बारीक थेंब, बर्फ नाही. तिने डबा आत ठेवला.

मुंबईहून मुलीचा, किशोरीचा फोन आला. शर्मिलाच्या दुकानातून गंगारामने तिला सगळं कळवलं होतं. "आई, उद्या येताय ना घरी? बाबा म्हणत होते."

गंगारामने मान खाली घातली.

"नाय गो," रुक्मिणी म्हणाली. "उद्या विजयदुर्गाक जातंव. मगे खाडी ओलांडून फुडे. तुका सुट्टी गावली तर रत्नागिरीक ये. खाली अंथरूण घालू, तिघांका जागा होतली."

फोन ठेवून तिने सुरमईचे तुकडे पेटीतून काढले आणि तव्यावर तेल सोडलं. बाहेर गंगाराम जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरत होता. तिने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "विजयदुर्गापासून रत्नागिरी किती लांब हो?"