उशिरा वाजलेली घंटा

आमचे भाऊजी बॉक्सिंगमधून निवृत्त झाले, तेव्हा शहरभर असा सूर लागला की जणू हा खेळच कोणीतरी गुंडाळून माळ्यावर टाकलाय. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पण लोक त्यांना ‘तोफ’ म्हणायचे. त्यांच्यासमोर उभा राहणारा हरायची तयारी करूनच रिंगमध्ये चढायचा. आता किराणावाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत जो भेटेल तो मला विचारायचा, यापुढे बॉक्सिंग बघणार कोण? दाताच्या डॉक्टरने तर माझं तोंड उघडं असतानाच विचारलं. उत्तर काय देणार, कपाळ!

आमचे हे क्लबचे प्रशिक्षक, आणि मी लढतींची वेळ राखते. टेबलावर स्टॉपवॉच आणि पितळी घंटा. फेरी सुरू झाली की एक टोला, संपली की एक टोला. इतक्या वर्षांत माझी घंटा कधी चुकली नाही आणि मी त्याचा भरपूर तोरा मिरवलाय. खरं सांगायचं तर त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. भाऊजी लढत असले की निकाल ठरलेला. मी निवांत घड्याळाकडे बघत मनातल्या मनात उद्याचा स्वयंपाक उरकून घ्यायची.

क्लब एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकानाचे मालक भाऊजींचे परमभक्त, म्हणूनच हॉल मिळालेला. भाऊजींनी हातमोजे उतरवले तशी मालकांची भक्तीही उतरली. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की पुढची लढत येऊन बघतो, दम वाटला नाही तर हॉलमध्ये कपाटं ठेवतो. आमच्या ह्यांनी वाद घातला नाही. घरी येऊन खारट झालेली आमटी निमूट जेवले. एरवी मिठाचा एक कण जास्त पडला तरी भाषण देणारा माणूस! हॉल गेला तर ह्यांच्याकडे दुसरं काही उरणार नव्हतं.

लढतीच्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मालक मोजपट्टी घेऊन भिंती मोजत फिरत होते, आणि हे तिकडे न बघण्याचं नाटक करत होते. पुढच्या रांगेत भाऊजी बसलेले. चार माणसं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होती. रिंगमध्ये एका बाजूला आमच्या क्लबची बेकरीवाली, कणीक मळून मळून खांदे भरलेली. दुसऱ्या बाजूला पलीकडच्या क्लबची नर्स, काटकुळी पण चपळ. दोघींचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

पहिली फेरी नर्सने जिंकली. दुसरीत बेकरीवालीने तिला दोरांपर्यंत रेटत नेलं. तिसरी सुरू झाली आणि कोण कोणाला मारतंय हेच कळेना. बेकरीवाली पडता पडता सावरली, वळली, आणि तिचा डावा ठोसा असा बसला की मी खुर्चीतून उठलेच. नर्सही ऐकणाऱ्यातली नव्हती. मी टेबलावर मुठी आपटत ओरडत होते. काय ओरडत होते ते देव जाणे. दोघी दमून एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तरी मारायच्या थांबेनात.

“वहिनी, घंटा!”

भाऊजींचा आवाज. घड्याळ बघितलं तर फेरी केव्हाच संपलेली! मी घाईघाईने टोला हाणला. पंचांनी खरं तर माझ्याकडे डोळे वटारून बघायला हवं होतं, पण वेळेचं भान त्यांनाही राहिलं नव्हतं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकाल नर्सच्या बाजूने लागला, तोही अगदी काठावर. हॉलमध्ये एकच गलका झाला. मालक तरातरा टेबलाकडे आले तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं, आता घंटेवरून बोलणी खायची.

“पंच आंधळे आहेत का?” ते ह्यांच्यावरच घसरले. “आपली पोरगी सरळसरळ जिंकली होती. परत लावा दोघींची लढत.”

“कुठे लावू?” ह्यांनी शांतपणे विचारलं. “इथे तर कपाटं येणार.”

“कपाटं राहतील खाली. आधी हे मिटवा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. मलाही हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात भाऊजी आले. हळूच विचारलं, “वहिनी, माझ्या लढतीत कधी घंटा विसरला होतात का हो?”

“नाही,” मी म्हणून गेले. “तुम्ही जिंकणारच असायचात ना.”

बोलल्यावर जीभ चावली. भाऊजी खळखळून हसले. म्हणाले, आज निकाल लागेपर्यंत त्यांनाही कळत नव्हतं कोण जिंकेल, आणि अशी मजा त्यांना रिंगमध्ये कित्येक वर्षांत आली नव्हती. मग ते मालकांकडे वळले आणि नर्सच कशी जिंकली हे ठोसा न् ठोसा करून समजावू लागले.

मालकांनी त्यांचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही.