काडीचं माप

मिंगो कामावर आला त्या दिवसापासून झिल्पाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या त्या शेतावर गव्हाची कापणी ऐन भरात होती. कापणारे पुढे, पेंढ्या बांधणारे मागे. मिंगो तिच्या शेजारीच बांधायचा. हात झपाझप चालत, पण डोळे पेंढीवर कमी आणि झिल्पावर जास्त.

पुरुषांच्या नजरेला ती भीक घालणारी नव्हती. पण हे बघणं वेगळं होतं. उंची, दात, हात. गुलामांच्या लिलावाच्या ओट्यावर तिला असंच न्याहाळलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. वर हा बाबा तिच्यासारख्या गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या कागदांची चौकशी करत हिंडायचा. गेल्या वसंतात शेजारच्या हॅगरला असाच एक गोडबोल्या भेटला होता, आपल्याच रंगाचा. त्यानं खबर दिली, गुलामांच्या दलालांनी हॅगरचा मुक्तीचा कागद फाडला आणि तिला बोटीत कोंबून दक्षिणेला विकलं. झिल्पाचा कागद घागऱ्याच्या नेफ्यात शिवलेला होता. तो गेला की तिचीही गत तीच.

चौथ्या दिवशी दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली सगळे मक्याची भाकरी खात होते. मिंगो सरकत सरकत तिच्याजवळ आला.

"ताई, तुझ्या कागदात काय काय लिहिलंय गं?"

"तुझं थोबाड कसं फोडायचं ते लिहिलंय." झिल्पानं विळा उचलला. "कुणी पाठवलंय तुला? दलालानं?"

"बायकोनं," तो हळूच म्हणाला. "डॉर्कसनं. नदीच्या खालच्या अंगाला ती अजून गुलाम आहे. मालक तिला विकायला निघालाय. तुझ्याच उंचीची आहे, पुढचा दातही तुझ्यासारखाच तुटका. तुझा कागद दाखवत ती फिलाडेल्फियाला पोचेल, तिथं तिला कुणी विकू शकणार नाही. पोचली की कागद परत."

"आणि नाही आला परत, तर माझी हॅगर होऊ दे, असंच ना? खोटारड्या! कागदात डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डागही लिहिलाय. तो कुठून आणणार तुझी बायको?"

"कागदात जो डाग असेल तो भाजून घेईन म्हणालीय. फक्त माप आण, म्हणाली."

झिल्पानं विळा खाली ठेवला. तरी विश्वास काही बसेना. दलालांच्या माणसांना वेळेवर रडूसुद्धा येतं. शेवटी तिनं बाही वर केली. मिंगोनं डागावर गव्हाची काडी धरली आणि तेवढी मोडून घेतली.

"कागद तुझ्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "तिला येऊ दे."

तो त्याच संध्याकाळी गेला. पुढे रस्त्यावर गाडी वाजली की झिल्पाचा हात नेफ्याकडे जायचा.

तिसऱ्या रविवारी सगळे प्रार्थनेला गेले असताना मिंगो कुंपणाशी उभा दिसला. बरोबर एक बाई होती. दात तुटका, मनगटाला चिंधी.

"सोड ती," झिल्पा म्हणाली.

बाईनं मुकाट्यानं चिंधी सोडली. झिल्पानं तिचा हात खेचून उजेडात धरला, उलटापालटा केला. रंग तर लावला नसेल? तिनं डागावर अंगठा दाबला. बाई कळवळली, पण हात मागे घेतला नाही. जखम अजून ओली होती.

मग झिल्पाला आपलीच पकड दिसली. ओट्यावर तिचं मनगट असंच धरलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"माझ्या डागाहून मोठा आहे हा," ती कशीबशी म्हणाली.

"कमी पडू नये म्हणून," डॉर्कस म्हणाली, "काडीपेक्षा जरा जास्तच भाजून घेतलं."

झिल्पानं पाठ फिरवली, नेफा वर ओढला आणि दातांनी टाका तोडला.