पेट्रोलच्या झाकणावरचा निळा मणी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. इजिप्तचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मी फार जवळून पाहिला आहे. पूल उभे राहताना पाहिले, कालवे बुजताना पाहिले, राष्ट्राध्यक्षांच्या मिरवणुका जाताना पाहिल्या. अर्थात यातलं बरंचसं मी रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं टाकून पाहिलं आहे. बंद पडलेल्या गाडीला इतिहास नीट दिसतो. तिला दुसरं काम नसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचा तसाच होतो. वयात आल्यावर मला उस्ताद वहीब यांनी घेतलं. ते रशीद गावच्या शाळेत भूगोल शिकवत. मी दुधी रंगाची होते. गल्लीत शिरले की बायका खिडक्यांत यायच्या. शेजारच्या एका बाईने मात्र नजर लागू नये म्हणून घ्यायचं देवाचं नाव न घेताच "काय सुंदर गाडी!" असं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं टायर बसलं. झालं. उस्तादांच्या पत्नी इन्शिराहबाई यांनी मला निळे मणी बांधायला सुरुवात केली. एक आरशाला, एक चाव्यांना. पुढे तीस-एक वर्षांनी, सगळ्यात मोठा, बोराएवढा मणी, पेट्रोलच्या झाकणाला.

"नजर तोंडातूनच पोटात जाते," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी तो मणी झाकणाच्या अगदी मधोमध, घट्ट डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवला.

मित्रांनो, झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यातून मी श्वास घेते. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत वरून हवा यावी लागते. हवा आली नाही की पेट्रोल जागचं हलत नाही. हे मला ठाऊक होतं. पण मला बोलता येत नाही, आणि माझा हॉर्न तर बाराव्या वर्षीच गेला होता.

तेव्हापासून वीस मिनिटं चाललं की मी खोकायचे, आचके द्यायचे, आणि थांबायचे. माझा पेट्रोलचा काटाही कधीचाच मेला होता. टाकी भरलेली असो वा रिकामी, तो अर्ध्यावरच. म्हणून उस्ताद खाली उतरायचे, झाकण उघडायचे, बोरूची काडी आत घालून पेट्रोल मोजायचे, सवयीने एक दुआ पुटपुटून टाकीत फुंकर मारायचे आणि झाकण लावायचे. मी लगेच सुरू! साहजिकच श्रेय फुंकरीला. गावात उस्तादांचा दबदबा वाढला. एकाने तर शिवणाचं मशीन आणून फुंकून घेतलं.

मेकॅनिक बयूमी मात्र शास्त्र मानणारा. त्याने माझा पंप पुन्हा पुन्हा बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, प्लग बदलले, पंपावर ओलं फडकं बांधलं, पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे चिमटे लावले. एवढं करून तो मला दहा मिनिटं चालवून बघायचा आणि म्हणायचा, "घोडी झालीय, घोडी!" अकराव्या मिनिटाला मला धाप लागायला सुरुवात व्हायची. दर वेळी मला वाटायचं, आज तरी कुणी झाकणाकडे बघेल. बघायच्या इन्शिराहबाई. मणी हलला असेल तर आणखी चिकटवायच्या.

मग तो दिवस आला. माझ्या परवान्याची मुदत संपत होती. तपासणी दमनहूर शहरात, तिथल्या कचेरीची खिडकी एक वाजता बंद. मी वेळेत पोचले नाही तर नंबरपाटी जाणार होती, आणि उस्तादांचा जावई, त्यांच्या नवालचा नवरा हमदी, याला मी हवी होते ती कबुतरखान्यासाठी. त्याने जाळी आणूनही ठेवली होती. तो मागच्या सीटवर इन्शिराहबाईंशेजारी बसला आणि माझं छत वितीने मोजू लागला. बयूमी हत्यारं मांडीवर घेऊन पुढे.

पहिल्यांदा मी थांबले ते वीटभट्ट्यांपाशी. काडी, दुआ, फुंकर. दुसऱ्यांदा संत्र्यांच्या बागेपाशी.

"मामा, सोडा आता नाद," हमदी म्हणाला. "कबुतरं तरी प्रेमाने वागवतील तिला."

"तुझी वरात याच गाडीतून निघाली, बेशरमा!" उस्ताद ओरडले.

"म्हणूनच मांडवात दोन तास उशिरा पोचलो. नवाल अजून ऐकवते."

"पंप गरम होतोय," बयूमी म्हणाला.

"तीन महिन्यांत तिसरा पंप आहे हा, बयूमी. आता तूच गरम होशील," उस्ताद म्हणाले.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा बारा वाजून गेले होते. फुंकून फुंकून उस्तादांचा घसा बसला होता. ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते समोर बघत राहिले. हमदीसुद्धा मोजायचा थांबला.

"उठा ना हो, नवालचे बाबा," इन्शिराहबाई म्हणाल्या.

"राहू दे. नेऊ दे त्याला."

तेव्हा इन्शिराहबाई स्वतः उतरल्या आणि त्यांनी झाकण फिरवलं. फुस्स! मी जोरात श्वास आत ओढला. बाई दचकल्या. मग त्यांनी झाकण कानाशी धरलं, उलटं केलं, आतून ते भोक पाहिलं.

"बयूमी, तेलाच्या डब्याला किती भोकं पाडतोस?"

"दोन, काकू. एकाने तेल येत नाही."

"मग हिला किती आहेत?"

बयूमीने झाकण बघितलं, मणी बघितला, मग आपली हत्यारं बघितली. बाईंनी केसांतली पिन काढून मणी खरवडून काढला. तो पर्समध्ये टाकला.

मित्रांनो, त्यानंतर मी धावले ती अशी, की एका गाढवाच्या गाडीलाही मागे टाकलं. एकला दहा मिनिटं कमी असताना आम्ही खिडकीपाशी होतो. तपासनिसाने मला दोनदा बंद-चालू करायला लावलं आणि शिक्का मारला. उस्तादांनी परवान्याचा मुका घेतला. हमदीने दमनहूरच्या बाजारातच जाळी कुणाला विकता येईल याची चौकशी केली.

परतताना सगळे गात होते. कुठेही थांबायचं कारण उरलं नव्हतं, आणि काडी कुणाला आठवली नाही. मला आठवत होती.

संत्र्यांच्या बागेपाशी मी खोकले आणि थांबले.

"काढलात ना मणी!" हमदी म्हणाला.

"मी काढला? तूच सारखा टक लावून बघतोस तिच्याकडे!" इन्शिराहबाई पर्समध्ये मणी शोधू लागल्या. उस्ताद बसल्या घशाने बॉनेटवर फुंकर मारू लागले. बयूमीने कार्बोरेटर सुटा करून रस्त्यावर मांडला आणि भोवती चार माणसं जमली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. तिच्यावर प्रेम करा, पण अधूनमधून झाकण उघडूनही बघत जा.

टाकीत पेट्रोल नव्हतं.