नारळाआधी वळलेल्या माना

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं, तरी आमच्या जळकोटकडच्या गावात पाऊस काही रुजू झाला नव्हता. रुजू झाले ते नारळबाबा. पारासमोर सगळा गाव लोटला होता आणि बायकांना रांगेत उभं केलं होतं. विहीर कुणाच्या पायगुणानं आटत चालली, ते बाबांचा नारळ सांगणार होता.

"खोटा पाय आला, की नारळ आपसूक उभा ऱ्हातोय!" आडवा नारळ तळहातावर घेऊन बाबा गरजले. "ही माझी करामत न्हाई, जमिनीतली वीज हाय!" त्या विजेला बिडीचा वास मात्र सपाटून येत होता.

मी गावातला गुरांचा डॉक्टर. माणसांच्या भानगडीत पडायचं नाही, हा माझा नियम. बाबा एकेकीसमोरून सरकत गुरम्मापाशी आले आणि नारळ ताडकन उभा!

"म्हणलं नव्हतं?" मलप्पा दुकानदार ओरडला. गुरम्मा दोन वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आली आणि त्याच साली पाणी आटायला लागलं, हे गावानं पाठच करून ठेवलं होतं.

सरपंच शेषेरावांनी तिथंच फर्मावलं, "आजपासून हिनं हिरीवर यायचं न्हाई."

"मग मी प्यावं काय, सरपंच?" गुरम्मानं विचारलं. गावात पाणी तेवढ्या एकाच विहिरीत होतं.

मला शरम वाटली. खोटं कशाला बोलू, नारळ उठायच्या आधीच माझी मान तिच्याकडे वळली होती. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांच्याच माना तिकडे.

"बाबा, आता एकदा डोळे बांधून होऊ द्या," मी म्हणालो. बाबा कुरकुरले, पण गावालाच चेव आला. डोळ्यांवर शेषेरावांचा रुमाल चढला. मी खुणेनं बायकांना बाजूला केलं. बाबा चाचपडत निघाले आणि नारळ उभा राहिला तो हापशासमोर! जिल्हा झाल्यावर बसवलेल्या त्या हापशाला अजून थेंब आला नव्हता.

"खरंच हाय की!" मलप्पा म्हणाला. "हापसाच पांढऱ्या पायाचा!"

माझं डोकंच फिरलं. मी नारळ हिसकावला आणि मलप्पासमोर उभा करून दाखवला. "तळहात केसभर कलला की हा उठतो. कुणासमोर कलवायचा, ते बाबाला तुमच्या माना सांगत होत्या. गुरम्मा आली त्या साली गावात आणखी काय आलं?"

"सरपंचाची उसाची मोटार," रांगेतली केवळाबाई हळूच म्हणाली. "हिरीच्या बगलंलाच बोअर हाय की."

शेषेराव दरवर्षी गावजेवण घालतात, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाची मान वळली नव्हती.

"मंग मोटारीपुढं नारळ धरावा का?" मलप्पानं विचारलं.

"नारळ नको, विहिरीत दोर सोडा. मोटार तीन दिवस बंद ठेवा आणि पाणी मोजा. चढलं नाही, तर मी सरपंचांची माफी मागेन."

बायका पारावर ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे मोटार बंद झाली. बाबा तोवर नारळ सोडून पसार झाले होते.

चौथ्या दिवशी दोर दीड हात जास्त भिजला. पहिली घागर गुरम्मानं भरली. मलप्पानं तिला हात जोडले. "गुरम्मा, तुजा पाय लई गुणाचा निघाला गं!"

"पाय तोच हाय, मलप्पाण्णा," ती म्हणाली. "मोटार बंद हाय. आधी मोजत जा, मंग बोलत जा."